निखिलची तहान

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, अमेरिकेत हर्नडनला. जी गोष्ट पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तिच्यावर 'नॉट रिप्रोड्युसिबल' असा शेरा मारून मी मोकळी होते. भुतंखेतं, अतृप्त आत्मे वगैरे ऐकलं की आजही हसू येतं. तरीही हे इथे लिहितेय... कारण त्या वेळी आई माझ्या शेजारी बसली होती, आणि आम्ही दोघींनी तेच पाहिलं.

माझी मोठी बहीण मेघना फिनिक्सला राहायची. तिथे शहराच्या मधोमध एक डेझर्ट पार्क आहे. लालसर खडकांच्या टेकड्या, उंच निवडुंग आणि त्यांच्याभोवती सोप्या, सपाट पायवाटा. लोक बाळांचे स्ट्रोलर घेऊन फिरतात, पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात. अशा ठिकाणी ताई उन्हाळ्यातल्या एका सकाळी उष्माघातानं गेली. बरोबर तिचा नवरा होता, निखिल.

त्यानं पोलिसांना सांगितलं, "ती वाटेतून एकटीच मागे फिरली, मला वाटलं गाडीपाशी गेली असेल." अपघात म्हणून केस बंद झाली. पण त्या सकाळी ताईनं मला फोन केला होता. धापा टाकत म्हणाली, "भांडून पुढे निघून गेला गं. पाणी सगळं त्याच्या सॅकमध्ये. मी हाका मारतेय, तो वळूनही बघत नाहीये." मग फोन बंद पडला. हेही मी पोलिसांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पुढे चालत जाणं हा काही गुन्हा ठरत नव्हता. त्या दिवसापासून मी त्याला जिजू म्हणणं सोडलं.

या फेब्रुवारीत आई नाशिकहून आली. तिला ती जागा बघायची होती, म्हणून मी तिला घेऊन फिनिक्सला गेले. निखिल आम्हाला न्यायला तयार झाला, लोकलाजेस्तव असेल. हवा छान गार होती, आईनं स्वेटर घातला होता. थोडं चालून ती दमली, म्हणून आम्ही दोघी बाकावर बसलो. निखिल म्हणाला, आई, तुम्ही बसा, मी एक चक्कर मारून येतो. पाण्याची बाटली घेऊन तो गेला.

ती वाट एका टेकडीला वळसा घालून पुन्हा त्याच बाकापाशी येते. चुकायला जागाच नाही. थोड्या वेळानं तो आला... आणि आमच्या समोरून, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून, सरळ निघून गेला. नजर पुढच्या वळणावर. कुणालातरी म्हणत होता, "थांब ना, किती भरभर चालतेस." पुढची वाट रिकामी होती.

मला आधी नाटक वाटलं. पुन्हा आला तेव्हा तो धावत होता. चेहरा लालबुंद, ओठ फुटलेले, अंगावर घामाचा टिपूस नाही. "मेघना, पाणी दे. एक घोट तरी दे." त्याच्या हातातली बाटली भरलेली होती! मी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. मी त्याच्या मागे जायला उठले, तर आईनं माझं मनगट धरलं.

"बस खाली," ती म्हणाली.

मी बसले. खरं सांगते, मला बसायचंच होतं.

त्यानंतर तो आलाच नाही. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईला तो वळणापलीकडे पडलेला दिसला, तिनंच ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होत्या, हा कुठे होता, सॉनामध्ये का? हीटस्ट्रोक होता... आणि बाहेर लोक जॅकेट घालून फिरत होते. ड्रग टेस्टमध्येही काही सापडलं नाही.

शुद्धीवर आल्यावर तो आईला म्हणाला, "ती पुढे चालली होती. मी इतका ओरडलो, पण ती थांबली नाही."

आईनं शांतपणे विचारलं, "आणि त्या दिवशी तिच्या हाका तुला ऐकू येत होत्या?"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "येत होत्या."

आई उठून बाहेर आली. त्या दिवशी ती पोटभर जेवली—ताई गेल्यापासून पहिल्यांदाच.

निखिल वाचला, पण त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिसवर आहे. पाणी मोजूनमापूनच प्यायचं, अशी सक्त ताकीद आहे. सारखी तहान लागते म्हणे, बर्फाचा तुकडा चघळत बसतो.

गार हवेत, सपाट वाटेवर, हातात भरलेली बाटली असताना जे झालं, त्यावरही मी 'नॉट रिप्रोड्युसिबल' असाच शेरा मारलाय. माझा नवरा कधीकधी विचारतो, तुला त्याची दया येत नाही का?

अजून तरी आलेली नाही.