शिशाच्या गोळ्या

भंडाऱ्याच्या बाजारात मधुकररावांचं पितळी भांड्यांचं दुकान. समोर पाण्याचे गुंड, गंज, परातींची चमचम आणि मागच्या कोपऱ्यात मासेमारांचं सामान: नायलॉनचा दोरा, बुचं, आणि जाळ्याच्या घेराला बांधायचे शिशाचे मणी. जाळं पाण्यात तळाशी बसावं म्हणून हे वजन. पण दुकानात त्यांना मणी कोणी म्हणत नसे. “दोन किलो गोळ्या द्या जी, शेटजी,” असंच गिऱ्हाईक मागायचं आणि शेटजीही गोळ्याच तोलायचे.

मधुकरराव बोलका, मानाचा माणूस. पोलिसांना पंच हवा असला की पहिली हाक त्यांनाच. “देशाचं काम आहे साहेब,” म्हणत ते सही ठोकायचे. वर काय लिहिलंय, ते कधी बघत नसत.

“पंगतीत जिलेबी वाढल्यासारख्या सह्या वाढून राहिले तुम्ही,” त्यांच्या पत्नी कुंताबाई टोमणा मारायच्या. “एखाद दिवशी वाचून तर पाहा!”

त्या साली शेजारच्या जिल्ह्यात नक्षल्यांनी पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात काही पोलीस शिपाई गेले. आंबागडच्या इतवारी नावाच्या मासेमारानं दोन अनोळखी माणसांना डोंग्यातून तलावापार सोडलं, अशी खबर कोणीतरी दिली. इतवारी बाजाराला आला, मधुकररावांकडून मणी घेऊन बाहेर पडला, आणि दुकानाच्या पायरीवरच साध्या कपड्यांतल्या चौघांनी त्याला धरलं. पिशवी उलटी केली. मणी टणटण करत नालीपर्यंत घरंगळले.

“हे काय आहे?” अधिकाऱ्यानं विचारलं. त्याचे डोळे तांबारलेले होते. गेलेल्या शिपायांतला एक त्याच्या हाताखालचा होता.

“शिशाच्या गोळ्या,” मधुकरराव सवयीनं बोलून गेले.

“कुठून आणल्या रे?”

“यायच्याच दुकानातून जी,” इतवारी म्हणाला. “जाळ्याले लावाच्या आहेत. सांगा ना, शेटजी.”

सगळे मधुकररावांकडे वळले. एक होकार दिला असता तर काम भागलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानाचं कुलूप आलं, आणि चारचौघांत आपल्यालाही गाडीत बसवतील असं वाटलं.

“बाजाराच्या दिवशी शंभर लोकं येतात, साहेब. कोणकोण ध्यानात ठेवाचं?”

पंचनाम्यावर मधुकररावांनी सही केली. नेहमीसारखीच, न वाचता.

तीन वर्षांनी इतवारीची बायको शकुन दुकानात आली. हातात वकिलानं दिलेली पंचनाम्याची नक्कल. तिला वाचता येत नव्हतं, कुंताबाईंनी मोठ्यानं वाचलं, “बंदुकीत वापरण्याजोग्या शिशाच्या गोळ्या, नग तीनशे. खरेदीचे ठिकाण अज्ञात.” आणि खाली नवऱ्याची वळणदार सही.

“या कायद्यात जामीनच नाही भेटत म्हणते वकील,” शकुन म्हणाली. “तुमाले कोर्टात बोलावतीन, शेटजी. माह्या माणसाले चांगला नोका म्हणू. त्या गोळ्या कायच्या होत्या, तेवढंच सांगजा.”

ती गेल्यावर कुंताबाईंनी नक्कल गल्ल्यावर ठेवली. “पोळ्याच्या करीच्या दिवशी त्यानंच आणून दिलेली मासोळी खाल्ली ना आपण? अन् चेहरा ध्यानात नोयता तुमच्या!”



कोर्टाच्या व्हरांड्यात एक ओळखीचा पोलीस शिपाई कानाशी लागला. “काका, पंच फुटला तर त्यालेच निस्तरावं लागते.” आत इतवारी उभा होता, कानशिलांवरचे केस पांढरे झालेले. त्यानं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली, जणू लाज त्याचीच होती.

“या गोळ्या कशाच्या?” इतवारीच्या वकिलानं विचारलं.

“जाळ्याच्या. मणी आहेत ते, साहेब. मीच विकले.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग त्या दिवशी का नाही सांगितलं?”

देशाचं काम, असं काहीतरी त्यांच्या ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“भ्यालो, साहेब.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. ते हसू मधुकररावांच्या पाठीत अजून रुतून आहे.

काही महिन्यांनी इतवारी सुटला. बाजारातली माणसं मधुकररावांना म्हणाली, “खरं बोलले, हिंमत केली तुम्ही.” असं कोणी म्हटलं की ते उगाच परात पुसायला घेत. तीन वर्षं उशिरा केलेल्या हिंमतीला काय नाव द्यावं, ते त्यांना कळत नव्हतं.

मग एका बाजाराला इतवारीच पायरीपाशी येऊन उभा राहिला. मधुकरराव गडबडीनं उठले. “ये ना, आत ये. चहा सांगू?”

“नाही जी.” तो पायरी चढला नाही. “दोन किलो मणी द्या.”

मधुकररावांचा हात तराजूवर थबकला. इतक्या वर्षांत तो शब्द या दुकानात कोणी उच्चारला नव्हता.

त्यांनी खाली मान घालून तोललं, वर मूठभर जास्त टाकले. इतवारीनं ते जास्तीचे मणी वेचून परत ठेवले.

“बिल द्या, शेटजी. पक्कं. अन् त्यावर जाळ्याचे मणी असं लिहजा. दुकानाचं नाव बी.”

मधुकररावांनी लिहिलं. सही केली. मग आयुष्यात पहिल्यांदा, आपण कशावर सही केली ते त्यांनी इतवारीसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. इतवारीनं कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि एसटी स्टँडकडे चालू लागला.