साडूंची अर्धी किल्ली

भंडारा जिल्ह्यात, म्हणजे गोंदिया वेगळा निघाल्यावर उरलेल्या जिल्ह्यात, माझ्या साडूंइतका जगावर अविश्वास ठेवणारा माणूस दुसरा नसेल. वेगळ्या निघालेल्या भागाची खात्री मी देत नाही, पण तिकडेही शोधावाच लागेल. हा अविश्वास त्यांना वारशाने मिळाला होता. घरी पिढ्यान् पिढ्या कोशाच्या रेशमी साड्यांचे माग. दारात पाहुणा दिसला की त्यांचे वडील आधी विणत्या काठावर पंचा टाकत आणि मग ‘या, बसा’ म्हणत, कारण पाहुणा चहा पिता पिता नक्षी डोळ्यांत भरून नेईल ही धास्ती. साडूंनी मागाऐवजी कॉम्प्युटर घेतला, पण पंचा सोडला नाही. पासवर्ड टाइप करताना ते दोन्ही हातांवर पंचा पांघरत. खोलीत मी एकटाच असलो तरी.

वडिलांच्या काठांच्या नक्षीचे चौकटी आखलेले कागद वाळवीने खायला घेतले तेव्हा साडूंनी उरले तेवढे सगळे काठ कॉम्प्युटरवर घर न् घर मोजून उतरवले. काठावरच्या करवतीसारख्या दात्यांचेच किती प्रकार निघाले ते मला तेव्हा कळलं. मग ते सगळं क्लाउडवर चढवायचं ठरलं. मी म्हटलं, ज्याला पाहुण्याचा भरवसा नाही तो परक्या कंपनीच्या घरात बापाची नक्षी कशी ठेवतो? त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “साडभाऊ, पेटी दुसऱ्याच्या घरी ठेवायले हरकत नाही. कुलूप आपलं पाहिजे अन् किल्ली आपल्यापाशी पाहिजे.” म्हणजे फाइल आधी घरीच एन्क्रिप्ट करायची, तिचा असा काला करायचा की कंपनीने उघडून पाहिलं तरी हाती काही लागू नये. हे त्यांनी बहुधा मला पटवून दिलं असावं, कारण मी पुढे काही विचारलं नाही.

एकदा पटलेली गोष्ट प्रमाणात करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी नातेवाइकांना कुलूपबंद फाइलमधून पाठवली. फाइल आणि पासवर्ड एकाच वाटेने जाऊ नयेत हा नियम, म्हणून पासवर्ड सांगायला स्वतः एसटीने भंडाऱ्याजवळच्या शहापूरला गेले. तिथले काका म्हणाले, “आता आलाच आहेस तं तारीखच सांगून टाक ना.” साडू म्हणाले, “तारीख फाइलीत हाय.” आणि चहा घेऊन परत आले. फाइल उघडता उघडता शहापूरची मंडळी त्या लग्नाला हळद झाल्यावर पोचली आणि रागावून जेवली.

काठांच्या फाइलीची किल्ली मात्र त्यांच्या डोक्यात होती. कॉम्प्युटरलाही ती लक्षात ठेवायची परवानगी नव्हती. आपलं काही बरंवाईट झालं तर, म्हणून त्यांनी तिचे दोन तुकडे केले. एक मला तोंडपाठ करायला लावला, एक माझ्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. मी कुरकुर केली तर म्हणाले, “जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तरी कारभार चालते ना? मग किल्लीचे काहून नाही चालणार?”

पुढे त्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय महिन्याभरात वळणावर आले, बोलणंही आलं, पण डोक्यातली किल्ली गेली. कागद तर वाळवीने केव्हाच संपवले होते. फाइल उघडली नाही तर त्यांच्या वडिलांचे काठ गेलेच म्हणायचे. मी एके सकाळी साडूंकडे भंडाऱ्याला गेलो आणि माझा अर्धा भाग टाइप करून दिला. मग साडू ताईकडे वळले.

ताई म्हणाली, “तुमीच सांगून ठेवलं हाय, मी मागतलं तरी देऊ नको म्हणून. आधी सवाल विचारायचा.”

“विचार.”

“लग्न झाल्यावर पहिल्यांदा बाजारातून माह्यासाठी काय आणलं होतं?”

“लुगडं,” साडू म्हणाले.

“नाही.”

“लुगडंच आणलं असन. मी दुसरं काय आणतो?” पण आवाजात जोर नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्या जगाला दाराबाहेर उभं केलं, तो स्वतःच्या दाराबाहेर उभा होता. मला ते पाहवेना.

ताईने कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला आणि आपला अर्धा भाग टाइप केला. फाइल उघडली. एकाखाली एक काठ पडद्यावर येऊ लागले. साडूंनी पहिल्या काठावरून हळूहळू बोट फिरवलं आणि मग ते चिडले.

“जवाब चुकला होता ना? मग काहून उघडलं? मी दुसराच कोणी असतो तं?”

“दुसरा असता तं बरोबर जवाब पाठ करून आला असता,” ताई म्हणाली.

साडूंनी पडद्यावरचा पुढचा काठ वर सरकवला. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “काय आणलं होतं मी?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. “ह्यायच्यासमोर नाही सांगत.”

त्या क्षणी मला त्या दोघांचा हेवा वाटला. मी उठून अंगणात गेलो आणि जाताना दार ओढून घेतलं. त्यांनी काय आणलं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही.