कोंडाबाईची चौदा नखं

जगातल्या प्रत्येक जिवाला दोन क्षण श्वास रोखता येतो, फक्त त्याला तसं नीट सांगावं लागतं, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मला माहीत आहे. ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामांची सगळी नोकरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढण्यात गेली. अर्ध्या नांदेड जिल्ह्याच्या छात्या आपण आतून पाहिल्यात असं ते सांगतात, आणि ते खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, बरगड्या राहतात. एकदा बसस्टँडवर एका धिप्पाड गृहस्थांनी त्यांना वाकून नमस्कार केला, तर मामा बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, मग नजर छातीवर आली आणि खुलून म्हणाले, "हाव हाव, डाव्या अंगाची चौथी! जुळली ना पण चांगली?" आमच्या लग्नात फोटोवाला 'स्माईल' म्हणायच्या आत मामा मागून गरजले होते, "श्वास घ्या… धरा!" त्यामुळे आमच्या लग्नाच्या फोटोत मी, बायको आणि दोन्हीकडचे व्याही असे सगळेच छाती फुगवून, गाल ताठ करून उभे आहोत. मग यायचं ते "सोडा, सोडा." हे 'सोडा' ते नेहमी दोनदा म्हणत. का, ते मला पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मामांना करमेना. श्वास धरायला सांगावं असं घरात कुणी उरलं नव्हतं. मामी त्यांचं ऐकत नसत. तेवढ्यात मुलीची पुण्याला बदली झाली आणि जाताना नातीनं आपल्या दोन गिनीपिग माद्या आजोबांच्या हवाली केल्या, एक पांढरी आणि एक काळी. मामींनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, घुशी कशाला आणल्या घरात?" मामांना ते फार लागलं. त्यांनी पांढरीचं नाव शेवंताबाई ठेवलं, काळीचं कोंडाबाई, आणि पहिल्या दिवसापासून दोघींना 'अहो-जाहो' करायला लागले. आलेल्याला अरेतुरे करायचं नाही, ही त्यांची दवाखान्यातली शिस्त होती.

या बायांची नखं वाढतात, आणि वेळेवर कापली नाहीत तर वळून पंजात रुततात. पुढच्या पायांना चार-चार, मागच्यांना तीन-तीन, अशी एकेकीची चौदा नखं. महिन्यातला एक रविवार मामांनी या कामाला लावून दिला होता. मी लातूरला कॉलेजात भूगोल शिकवतो. तो रविवार गाठून नांदेडला यायची मला सवयच लागली, कारण तसली सकाळ मला दुसरीकडे कुठेच भेटली नाही. मागच्या अंगणात पेरूखाली मामा खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर पंचा, पंचात गुंडाळलेली शेवंताबाई, तिच्या तोंडात कोथिंबिरीची काडी. पानांतून गाळून आलेलं ऊन. तिचा इवलासा पंजा मामा दोन बोटांत धरून उन्हासमोर न्यायचे, आणि त्या पारदर्शक नखाच्या आत रक्ताची एक गुलाबी रेघ उजळायची. तिच्या अलीकडे थांबायचं, एवढंच त्यातलं कसब. "श्वास घ्या," मामा हळूच म्हणायचे, "धरा…" आणि सगळं अंगण थांबायचं. मामींच्या हातातलं सूप थांबायचं, मी थांबायचो, दाराशी आलेला दूधवाला मापटं हातात घेऊन थांबायचा. पेरूवरचे पोपटही गप्प व्हायचे असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण मी तिथं होतो. 'टिक्' असा बारीक आवाज यायचा. "सोडा, सोडा." मग सगळे एकदम श्वास सोडायचे आणि दूधवाला उगाचच हसायचा. अशी अठ्ठावीस नखं होईपर्यंत ऊन अंगणाच्या या कडेचं त्या कडेला गेलेलं असायचं आणि आपण कुठून आलो, कशाला आलो, हे मला आठवत नसायचं.

कोंडाबाईचं काम अवघड. तिची नखं काळीभोर, त्यात रेघ दिसत नाही. तिच्यासाठी मामांनी भंगारातून आणलेला एक्स-रे बघायचा दिव्याचा डबा होता. त्याच्या पांढऱ्या उजेडावर तिचा पंजा टेकवला की नखाच्या मुळाशी सावलीसारखं काहीतरी दिसे. मला कधीच दिसलं नाही, पण मामांना दिसे. गेल्या वर्षी मात्र ते डब्यावर चिडू लागले. "उजेडच न्हाई राहिला ह्यात, जावईबापू." त्यांनी ट्यूब बदलली. महिन्याभरानं पुन्हा बदलली. मग वायर, मग बटण. शेवटी मामी म्हणाल्या, "ट्यूब नवी हाय. डोळे जुने झालेत तुमचे." मामांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढच्या रविवारी 'टिक्' झालं आणि कोंडाबाई कधी नव्हे ती किंचाळली. मामींनी धावत हळद आणून दाबली, रक्त थांबलं. मामा पंचा घडी करत बसले. ती घडी त्यांनी चारपाच वेळा घातली आणि मोडली.

त्यानंतर त्यांनी तिच्या नखांना हात लावला नाही. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की मामा विषय बदलत. इकडे कोंडाबाईची नखं वळत चालली होती आणि ती चालताना एक पाय उचलून धरू लागली होती. मी कापतो म्हणालो. "तुम्ही भूगोलाचे," मामा म्हणाले, "राहू द्या." मला रागच आला. स्वयंपाकघरात जाऊन मी मामींजवळ कुरकुर केली, तेव्हा त्यांनी पिठाचे हात न धुताच मला ती जुनी गोष्ट सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. इस्लापूरकडची एक म्हातारी छातीचा एक्स-रे काढायला आली होती. मामांनी तिला पाटीला टेकवून उभं केलं, श्वास घ्या म्हणाले, धरा म्हणाले, आणि तेवढ्यात लाइट गेली. मामा फ्यूज बघायला बाहेर गेले, तिथं कुणीतरी बोलत थांबवलं आणि ते विसरूनच गेले. परत आले तर अंधारात म्हातारी तशीच पाटीला छाती लावून उभी. घामानं भिजलेली. मामांना पाहून घाबरून म्हणाली, "साहेब, तुमी सोडा म्हनलंच न्हाई. म्या थोडा थोडा चोरून घेतला. फोटू बिघडला का?"

"तिचं नाव कोंडाबाई," मामी म्हणाल्या. "तवापासून दोनदा म्हणतात. आन् ऑपरेशनला का भितात म्हणता? सगळ्या जन्मात दुसऱ्याला हलू नका म्हणलं. सवताला न हलता पडून राहायचं म्हणलं की भेव वाटून राहिलं."

मी बाहेर आलो. माझा राग गेला होता, पण कोंडाबाईचा पाय तसाच होता. मी तिला उचलून मामांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणालो, "मामा, एक तर मला कापू द्या, नाही तर तुम्ही डोळा करून घ्या. ह्या बाईंना किती दिवस उभं ठेवणार?" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोललो ते फार झालं असं मला वाटलं. मग ते उठले आणि आत जाऊन पिशवीत कपडे भरू लागले.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं. बाहेर मामी जप करत होत्या, मी भिंतीवरचे तक्ते वाचत होतो. मामा एका डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आले आणि खुर्चीत बसले.

"दुखलं का हो?" मामींनी विचारलं.

"न्हाई. डॉक्टरीणबाई लई चांगल्या. हलू नका म्हणल्या. मी श्वास धरला." मामा थांबले. "सोडा कुणीच म्हणलं न्हाई."

"मग?"

"मग काय. चोरून चोरून घेतला."

आम्ही तिघंही हसलो. मामांच्या उघड्या डोळ्यात पाणी होतं, माझ्याही होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या रविवारी पुन्हा पेरूखाली खुर्ची पडली. मामांनी डबा लावला, कोंडाबाईला पंचात घेतलं, पंजा उजेडावर टेकवला. "दिसून राहिली," ते पुटपुटले, "सावली दिसून राहिली." तेरा नखं झाली. चौदाव्याच्या आधी ते थांबले, तिचं तोंड हलकेच आपल्याकडे वळवून बघत राहिले. नव्या डोळ्यानं त्यांना जे दिसलं, ते आमच्या धडधाकट डोळ्यांना इतके महिने दिसलं नव्हतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत दुधासारखा ढग उतरला होता.

"ह्यांना बी आलाय," मामा म्हणाले. "कवापासून कोण जाणे. नुसत्या आवाजावर बसत होत्या माझ्याजवळ." जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की या वयाला तिला भूल सोसणार नाही, आहे तसंच सांभाळा. पण ते बहुतेक मामांना त्याच क्षणी कळलं होतं. त्यांनी पंजा पुन्हा बोटांत घेतला.

"श्वास घ्या," ते तिच्या कानाशी म्हणाले. "धरा…"

टिक्.

"सोडा, सोडा." तिनं उतरून जावं म्हणून त्यांनी पंचा मोकळा केला. ती उतरली नाही. मांडीवर तशीच, कान त्यांच्या आवाजाकडे लावून बसून राहिली. मामी सूप घेऊन थांबल्या होत्या, दूधवाला दारात थांबला होता, मीही थांबलो होतो. मग मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिसऱ्यांदा म्हणाले, "सोडा."