डबी जुनीच

बाबांची मोटरसायकल माझ्याहून वयाने मोठी, आणि तिच्यापुढे घरात माझं कधी काही चाललं नाही. फौजेतून निवृत्त होऊन ते जयपूरला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा तीही रेल्वेने आली. तिचा जुना व्होल्टेज रेग्युलेटर बॅटरी भरूच द्यायचा नाही. सिग्नलला थांबलं की दिवा मिणमिणायचा, हॉर्न कण्हायचा आणि मागे बसलेले बाबा ओरडायचे, "रेस दे, रेस दे!" नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवू म्हटलं की उत्तर ठरलेलं, "माझ्या गाडीत असली खेळणी नकोत."

शेवटी मी इरेला पेटले. ते बनी पार्कात मित्राकडे गेले असताना जुन्या रेग्युलेटरची काळी डबी उघडली, आतली सगळी कॉइल काढली आणि काड्यापेटीएवढा नवा रेग्युलेटर त्याच डबीत बसवून झाकण होतं तसं लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौमूंला जाऊन आलो. वैशाली नगरात शिरताना अंधारून आलं होतं. लाल सिग्नल लागला. मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"रेस दे!"

मी दिली नाही. पुढच्या सिटी बसच्या पाठीवर आमचा उजेड लख्ख पडला होता, जरासुद्धा हलत नव्हता. बाबांनी माझ्या खांद्यावरून वाकून तो पाहिला. मग शेजारच्या स्कूटरवाल्याला छाती फुगवून म्हणाले, "देखा भैया? सब ओरिजिनल है!"

मी फक्त हॉर्न दाबला, आणि स्कूटरवाला दचकला.