दारावरची निंबाची डहाळी

गेल्या आठवड्यात धानोऱ्याला आमच्याच गल्लीत एक गोष्ट घडली... साधीच, पण मनातून जात नाही.

माझी मुलगी स्वाती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. गेल्या वर्षी पीएचडीच्या मुलाखतीत ती एका प्रश्नावर अडखळली आणि तिची निवड राहिली. या वेळीही नाही झालं तर बी.एड. करेन, असं तिनेच ठरवलं होतं.

तिचा विषय गॅमा डेल्टा टी पेशी. रक्तातले पहारेकरीच म्हणा. इतर टी पेशींना बहुतेक वेळा जंतूच्या प्रथिनाचा तुकडा समोर धरून दाखवावा लागतो. यांच्यातल्या काहींना तो लागत नाही. टीबीचे जंतू प्रथिन नसलेला एक बारीकसा रेणू तयार करतात. तो असतो आजारी पेशीच्या आत, आणि यांना कळतं बाहेरून... कसं? गेल्या वर्षीचा प्रश्न हाच, आणि तिथेच तिची गाडी अडायची.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसून ती आईला समजावत होती. "काय बोली ऱ्हायनी व माय, माले काहीच समजनं नही," मिरच्यांचे देठ खुडता खुडता आमची ही म्हणाली. "तुन्हा अभ्यासपेक्षा मन्ही मिरची बरी!" स्वाती हसली, पण डोळे भरले होते.

तिला जरा मोकळं वाटावं म्हणून शेजारी विमलवहिनींकडे मिरच्या वाळवायची ताडपत्री मागायला घेऊन गेलो. दाराशी पोचलो, हात जोडले आणि मागे फिरलो.

"आण्णा, हाक तरी मार ना!"

मी चौकटीकडे बोट दाखवलं. निंबाची डहाळी खोचलेली होती. म्हणजे घरात कुणाला तरी कांजण्या... आमच्याकडे माता आली म्हणतात. मग बाहेरचं माणूस आत जात नाही.

स्वाती तिथेच उभी राहिली. "आण्णा... आजारी माणूस घरमा शे. तुले दिखना नही. तू नुसतं दार देखं."

मग घाईघाईने सांगू लागली. तो रेणू पेशीच्या आतून एका प्रथिनाला चिकटतो, त्याने त्या प्रथिनाची बाहेरची बाजू बदलते. गॅमा डेल्टा पेशी तो बदल ओळखते... आतला रेणू तिच्यासमोर येतच नाही. हे सगळं तिला पाठ होतं. दिसलं मात्र त्या दारात.

मुलाखतीत तोच प्रश्न आला. तिने निंबाची डहाळी सांगितली. काल निवड झाल्याचा मेल आला.

पहिला पेढा विमलवहिनींच्या छोट्या पिंकीला, असं हिने ठरवलंय. कांजण्या पिंकीलाच आल्यात.

आज सकाळीही त्या दारासमोर हात जोडले. पोर लवकर बरी होऊ दे म्हणून... आणि थोडे आभारासाठीही. डहाळी अजून तिथेच आहे. ती उतरेपर्यंत पेढा देवापुढे झाकून ठेवलाय.