काच पुसून बघ

वसुधा गेल्याची बातमी आली तेव्हा मी नेरूळच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मेथी निवडत बसलो होतो. मोबाइलवर तिच्या मुलीचा, अदितीचा, मेसेज आला. 'काका, आई गेली. सकाळी, झोपेतच.' मी तो वाचला. मग चष्मा काढला, बनियनच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा वाचला. अक्षरं तीच राहिली. बायकोला वाटलं, मी डोळे पुसायला चष्मा काढला. तसं नव्हतं. रडू नंतर आलं आणि चांगलं भरपूर आलं. त्या क्षणी मी फक्त वसुधाने इतकी वर्षं माझ्या डोक्यात ठोकून बसवलेली गोष्ट करत होतो. काहीही मानण्याआधी काच पुसून बघायची…

आमची ओळख कॉलेजातली. ती भौतिकशास्त्रात, मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये. वाद घालायला आम्हाला कुठलाही विषय चालायचा आणि ती हरल्याचं मला आठवत नाही. पुढे दोघांनी वेगवेगळ्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या, योगायोगाने दोघंही नेरूळला राहायला आलो. माझी निवृत्ती जवळ आली तशी एका संध्याकाळी ती घरी आली आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाली, "शिरवण्याला गाळा बघितलाय. तू येतोयस."

"अगं, मला जरा आराम करू दे."

"आराम म्हणजे काय करणार? घरी बसून भाजी निवडणार?"

पाहा, शेवटी तेच करत होतो.

शिरवण्याच्या औद्योगिक भागातल्या त्या गाळ्यात एका बाजूला पत्र्याच्या कपाटांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला मसाला कुटायची गिरणी. मधे आम्ही. दिवसभर शिंका देत आम्ही जे बनवायचो ते सांगायला सोपं आहे. हातभर लांबीची, पाणी शिरणार नाही अशी बंद नळी, तिच्या टोकाला काचेची छोटी खिडकी. नळी पाण्यात सोडली की आतून निळा प्रकाश बाहेर पडतो. पाण्यात शेवाळ असेल तर त्यातलं हरितद्रव्य तो प्रकाश शोषतं आणि त्याच्या बदल्यात मंद तांबडा उजेड परत देतं. नळी तो तांबडा उजेड मोजते आणि वायरीने जोडलेल्या, काठावरच्या छोट्या पडद्यावर आकडा दाखवते. शेवाळ जितकं जास्त तितका आकडा मोठा. अशी उपकरणं परदेशातून यायची, पण बिघडली की दुरुस्तीला परदेशीच पाठवावी लागायची. "आपल्या पाण्यासाठी आपल्याकडेच बनलं पाहिजे," असं वसुधा म्हणायची, आणि ती म्हणायला लागली की ते होणारच असं समोरच्याला वाटायला लागायचं. मलाही वाटलं. अजूनही वाटतं.

आमच्या सोसायटीच्या टॉवरांच्या मागे जुन्या गावाचा तलाव आहे. गावातल्या बायकांच्या मंडळाने त्यात रोहू-कटला सोडले होते. मंडळाची सूत्रं सुगंधाताईंच्या हातात. सकाळी नेरूळच्या बाजारात मासे विकणाऱ्या, आवाज असा की अख्ख्या बाजाराने वळून बघावं. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं की रात्रभर शेवाळच पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात, मरतात. आधीच्या वर्षी त्यांचे बरेच मासे असेच गेले होते. वसुधा स्वतःहून त्यांच्याकडे गेली. म्हणाली, पाणी बिघडायच्या आधी माझी नळी सांगेल. सुगंधाताईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सोडा म्याडम. आमचा जीव हाय त्या तलावात, तेवडं ध्यानात ठेवा."

नळी पाण्यात सोडली आणि काही आठवड्यांनी आकडा चढायला लागला. रोज थोडा थोडा, न चुकता वर. वसुधाने बायकांना सांगितलं की आता थांबू नका. त्यांनी जाळी टाकली आणि पुरते न वाढलेले मासे काढून मिळेल त्या भावाला विकले. वर्षभराची मेहनत अर्ध्यावर मोडली, पण निदान मरून तर गेली नाही, या समाधानात सगळे होते. दुसऱ्या दिवशी वसुधाने नळी साफ करायला वर ओढली, सवयीने खिडकीवरून अंगठा फिरवला आणि अंगठा हिरवा झाला. आमच्या नळीच्या काचेवरच शेवाळ धरलं होतं! तलावाचं पाणी होतं तसंच होतं. इतके दिवस आम्ही स्वतःच्या चष्म्यावरची घाण मोजत बसलो होतो. गाळ्यातल्या टाकीत हे कधी झालं नव्हतं, कारण ते पाणी आम्ही सारखं बदलायचो, काचेवर काही उगवायला सवडच मिळायची नाही. शेवाळ मोजायचं यंत्र बनवलं आणि शेवाळ त्यालाही धरेल हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मी सुचवलं की आधी फोन करू, जरा वातावरण निवळू दे. ती ऐकते कुठली! हिरवा अंगठा तसाच धरून तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. बायका जमल्या. "पाणी चांगलं होतं. घाण माझ्या काचेवर होती. तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं," एवढंच, एका दमात. मग जो गदारोळ उठला तो मी इथे लिहीत नाही, रविवारची पुरवणी घरातली मुलंही वाचतात. वसुधा खाली मान घालून नाही, समोर बघत सगळं ऐकत राहिली. सगळ्यात शेवटी सुगंधाताई म्हणाल्या, "आता तुजी नली ह्या पान्यात नाय पायजे." वसुधा म्हणाली, "नळी राहू द्या. माझा शब्द मानू नका, पण नळी राहू द्या." काय वाटलं कोण जाणे, त्यांनी राहू दिली.

तिथून तिची ती सवय सुरू झाली. आईच्या जुन्या सुती साडीचे मऊ तुकडे तिने कापून ठेवले, ओरखडा न उठणारे. नळी वर काढायची, काच पुसायची, पुन्हा पाण्यात सोडायची, आणि मग जो आकडा टिकेल तोच खरा. हे ती नेहमी पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत करायची. पुढे ते तलावापुरतं उरलं नाही. अदितीचं कॉलेजात कुणाशी भांडण झालं तरी हेच, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी कुणाबद्दल काही बोललं तरी हेच. "आधी काच पुसून बघ." कधी कधी वैताग यायचा. खारघरला अदितीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा हिने विहीणबाईंचा चष्मा मागून घेऊन पुसून दिला. अदिती अजून ते सांगताना कपाळावर हात मारते.

दोन उन्हाळे गेले. मग एका ढगाळ, घुसमटवणाऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा चढला. बायका पायऱ्यांवर जमल्या, पण कुणी जाळ्याला हात लावेना. "परत फसवनार काय?" मागून कुणीतरी म्हणालं. वसुधाने नळी वर काढली आणि फडका सुगंधाताईंच्या हातात दिला. "तुम्हीच पुसा." त्यांनी पुसली, भांडं घासावं तशी रेटून पुसली. नळी खाली गेली. आकडा जरासा उतरला… आणि होता तिथेच जाऊन बसला. मी वसुधाकडे बघत होतो. ती सुगंधाताईंकडे बघत होती. सुगंधाताईंनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि त्यांचा तो बाजारातला आवाज लागला, "जाली काडा गो!" मोठे मासे निघाले, उरलेल्यांसाठी पंप लावून पहाटेपर्यंत पाणी उडवत ठेवलं. मासे वाचले. त्या दिवशी वसुधा घरी जाताना गाडीत मोठमोठ्याने गात होती आणि फार बेसूर गात होती.

गेल्या पावसाळ्यानंतर ती आजारी पडली आणि तलावावर जाणं थांबलं. माझे गुडघे तर कधीच त्या पायऱ्यांना भ्यायले होते. ती गेल्यावर काही आठवड्यांनी अदिती म्हणाली, "काका, आईची नळी काढून आणूया का? आता कोण बघणार?" मलाही पटलं. इतक्या महिन्यांत काचेवर शेवाळाचा थर चढला असेल, आकडे सगळे खोटे असतील, आणि तिच्या नावावर खोटा आकडा नको. आम्ही दोघं गेलो. मी नळी ओढून वर काढली.

काच लख्ख होती.

मागे सुगंधाताई माशांची टोपली घेऊन उभ्या होत्या. "रोज सकाली पुसतो ना आमी," त्या म्हणाल्या. "म्याडम आजारी हाय म्हनून शेवाल थांबतंय काय?" पायऱ्यांच्या कठड्यावर साडीचा तो तुकडा धुऊन वाळत टाकलेला होता. काठ विरले होते, पण मी ओळखला. अदिती तो हातात घेऊन पायरीवरच बसली. मला वसुधाची अशी आठवण आली की काही सुचेना. शेवटी अदितीच्या हातातून तो तुकडा घेतला, लख्ख काच पुन्हा एकदा पुसली आणि नळी पाण्यात सोडली. आकडा आला. आम्ही तिघं थांबून बघत राहिलो. तो तोच राहिला.