मिस्त्रींची बाटली

उजव्या हाताचं पहिलं बोट तेलात बुडवायचं, अंगठ्यावर घासायचं, नाकापाशी न्यायचं आणि डोळे मिटून क्षणभर उभं राहायचं. समोरचा हॉटेलवाला तोवर सांगतच असायचा की तेल कालचंच आहे, दोनच घाणे काढलेत, त्यात मिरची तळलेली नाही. मिस्त्री डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "तुम्ही नका सांगू. तेल सांगंल."

माझं हॉटेल नांदेडला, दवाखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. हॉटेल म्हणजे सहा टेबलं, एक भट्टी, थंड बाटल्यांचा एक काचेचा फ्रीज, एक आचारी आणि मी. गिऱ्हाईक बहुतेक पेशंटांचे नातेवाईक. कुणाच्या तरी रिपोर्टची वाट बघत तुम्हीही अशा हॉटेलात पुरीभाजी खाल्ली असेल. मग मिस्त्रींसारखा माणूसही तुमच्या नजरेला पडला असेल, फक्त तो गल्ल्यापाशी उभा राहून तेलाचा डबा का हुंगतोय हे तुम्हाला कळलं नसेल.

मलाही पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. खाकी पँट, पांढरा सदरा, खिशाला टेस्टर लावलेला. चहा मागितला नाही, बसले नाहीत, सरळ विचारलं, "मालक, तुमचं तळून उरलेलं तेल कुठं जातंय?" मला वाटलं, आला तपासणीवाला. मी छातीठोकपणे सांगितलं की आम्ही ते फेकून देतो.

"कुठं फेकता तेवढं दाखवा," ते म्हणाले, "मी तिथून उचलून घेतो."

मी हसलो आणि पकडला गेलो. उरलेलं तेल कुणीही फेकत नाही. ते गाड्यावाल्याला जातं, गाड्यावाला त्यात पुन्हा भजी काढतो आणि ती आपणच कुठेतरी आवडीनं खातो. मिस्त्रींना हे सगळं पाठ होतं. "माणसाच्या पोटात जाण्यापरीस माझ्या जीपच्या पोटात जाऊ द्या," ते म्हणाले. "बदल्यात तुमची भट्टी, मिक्सर, जे बिघडंल ते माझ्याकडं."

ते कंधारकडचे. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक जुनी डिझेलची जीप होती आणि तिला त्यांनी दोन टाक्या बसवल्या होत्या, एक डिझेलची आणि एक तेलाची. गाडी डिझेलवर चालू करायची, इंजिन तापलं की सीटखालची तोटी फिरवायची, की जीप भज्यांच्या तेलावर धावू लागे. त्याआधी ते तेल जुन्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळायचं, आठ दिवस पिंपात निवळू द्यायचं आणि वरचं नितळ तेवढंच घ्यायचं. थेंबभर तेल तापल्या पळीत टाकून बघायचं. तडतडलं की त्यात पाणी, आणि पाण्याचं तेल ते टाकीजवळही नेत नसत.

हा सगळा उपद्व्याप काही हौस म्हणून नव्हता. त्यांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला आमच्या गल्लीतल्या डायलिसिस सेंटरमध्ये तिचं मशीन ठरलेलं. मशीनवरून उतरल्यावर तिला उभं राहवत नसे, उलट्या व्हायच्या. "एसटीत जिंदगी घातली मालक, पण हिला एसटीत बसवायचं माझ्यानं होत न्हाई," ते सांगायचे. आठवड्यातून दोनदा भाड्याची गाडी त्यांच्या पेन्शनीत बसत नव्हती, डिझेलही बसत नव्हतं. तेल मिळत होतं म्हणून बाई मशीनपर्यंत पोचत होती. इतकं साधं होतं ते.

काकू मात्र हसतमुख. मागच्या सीटवर गादी टाकलेली असायची, पण येताना त्या पुढेच बसायच्या, मांडीवर पिशवी घेऊन. जीप दारात थांबली की धुराबरोबर भज्यांचा वास आत यायचा आणि माझी गिऱ्हाइकं भट्टीकडे वळून बघायची. एकदा मी चहा घेऊन बाहेर गेलो तर मला म्हणाल्या, "चहा नगं बाबा, पाणी मोजून प्यायचं हाय. मीठ बंद, तळलेलं बंद. अन् हे बघा, कंधारापासून नांदेडापर्यंत मला भज्यांचा वास देऊन राहिले. ह्या माणसाला दया न्हाई."

मिस्त्री स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "वासाला डॉक्टरनं कुठं बंदी केली?" दोघंही हसले. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटला होता. माझ्या घरात त्या वर्षी कुणी इतकं हसलं नसेल.

बोटाची परीक्षा ही पहिली. दुसरी परीक्षा बाटलीची. मिस्त्रींच्या पिशवीत औषधाच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटल्या असत. नव्या हॉटेलचं तेल घेण्याआधी ते एक बाटली भरून त्याच हॉटेलच्या फ्रीजमध्ये, थंड पेयांच्या रांगेत ठेवायचे आणि पुढच्या खेपेला येऊन बघायचे. सोयाबीनचं तेल पातळच राहतं. पामतेल असलं की पांढरं होऊन बसतं. "उन्हाळ्यात सगळी तेलं एकसारखी," ते म्हणायचे. "पाम थंडीत नळीत बसतंय. मग गाडी बी बसती." पाच हॉटेलांचं तेल ते घ्यायचे आणि दर दिवाळीनंतर प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये नवी बाटली ठेवायचे.

अपवाद फक्त माझा. पहिल्या वर्षी माझी बाटली चार खेपा पातळच निघाली. मिस्त्रींनी ती उजेडात धरून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवली, जणू त्यांच्या नातवाचं प्रगतिपुस्तक. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची बाटली आजपून बंद. तुमच्याकडं काई बदललं तर तुम्हीच सांगायचं. तुमच्या डब्याला मी नाक लावणार न्हाई."

"सांगंन की मिस्त्री," मी म्हणालो.

माझी कॉलर इतकी ताठ झाली की त्याच आठवड्यात मी पाटी रंगवून घेतली : 'आमच्याकडे पामतेल वापरत नाही.' खरंच गिऱ्हाईक वाढलं. पेशंटांचे नातेवाईक पाटी वाचून आत यायचे. आजारपण जवळून बघितलेला माणूस तेलाबाबत फार हळवा असतो, हे मी हेरलं होतं.

मग एका दसऱ्याला तेल महागलं आणि महागतच गेलं. मी पामतेलाचे डबे आणले. दिवाळी झाली की परत सोयाबीन, असं मी स्वतःलाच सांगितलं होतं. चवीत कुणालाच फरक कळला नाही. पाटी तशीच राहिली. फक्त माझा आचारी एकदा म्हणाला, "मालक, मिस्त्रीला सांगून टाका. त्यांच्या गाडीचं हाय."

"सांगतो. अजून ऊनच हाय की," मी म्हणालो.

आणि खरंच सांगणार होतो. पुढच्या गुरुवारी मिस्त्री आले, मी गल्ल्यावरून उठलोही. पण पाटीखालच्या टेबलावर चार माणसं जेवत होती. त्यांतला एक जण नुकताच म्हणाला होता, "इथलं तेल चांगलंय." त्याच्यासमोर कसं सांगायचं? बाहेर नेऊन सांगायला दहा पावलं चालावी लागली असती. मी ती चाललो नाही. मिस्त्रींनी डबा उचलला, नेहमीसारखा, नाक न लावता. त्यानंतर प्रत्येक खेपेला सांगणं आणखी अवघड होत गेलं, कारण आता आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं.

डिसेंबरात थंडी एकाएकी उतरली. त्या सोमवारी सकाळी गल्लीतली कुत्रीसुद्धा माझ्या भट्टीच्या भिंतीला टेकून बसली होती. आठ वाजले, नऊ वाजले, जीप आली नाही. मी भजी काढत राहिलो. माझं लक्ष रस्त्याकडे होतं हे आचाऱ्यालाही दिसत होतं.

ते आले साडेबाराला, भाजीच्या टेम्पोतून. काकू कांद्याच्या पोत्यांना टेकून बसल्या होत्या. कंधारच्या रस्त्यावर, दोन्हीकडे नुसती शेतं असलेल्या जागी, तोटी फिरवल्यावर थोड्याच वेळात जीपनं मान टाकली. परत डिझेलवर घेऊन उपयोग नव्हता, फिल्टर दोन्ही टाक्यांना एकच. मिस्त्रींनी तो उघडला तेव्हा आत लोण्यासारखं पांढरं भरलेलं होतं. हे मला नंतर टेम्पोवाल्यानं चहा पिता पिता सांगितलं.

मशीन तोवर दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणाले. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत काकूंच्या छातीत पाणी भरलं. त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या. त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी सेंटरच्या वॉर्डबॉयकडून दोनदा वदवून घेतलं आणि बरेच दिवस घट्ट धरून बसलो. त्यावर झोपही लागायची, काही दिवस.

तेराव्यानंतर मिस्त्री आले. एसटीनं आले. दोन्ही हातांत माझे रिकामे डबे, आतून-बाहेरून घासून लख्ख केलेले. ते त्यांनी भट्टीपाशी नीट ठेवले आणि गल्ल्यासमोर उभे राहिले. मी बसा म्हणालो. ते बसले नाहीत.

"चौघांच्या बाटल्या बघून आलो," ते म्हणाले. "चारी पातळ हाईत."

मी काहीतरी पुसत होतो. गल्ला असेल.

"मालक, तुमच्याकडं काई बदललं व्हतं का?"

कढई त्यांच्यापासून चार पावलांवर होती. त्या दिवशीही तिच्यात पामतेलच होतं. एक बोट बुडवलं असतं तर त्यांना माझ्या उत्तराची गरज पडली नसती. पण ते कढईकडे वळले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले आणि मी सांगण्याची वाट पाहत राहिले. आयुष्यभर "तुम्ही नका सांगू" म्हणणारा माणूस मला सांगा म्हणत होता.

"नाही मिस्त्री," मी म्हणालो. "आमच्यात काहीच बदल नाही."

आचारी झारा कढईवर ठेवून मागच्या दारानं बाहेर गेला.

"बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक रिकामी बाटली काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि स्वतः फ्रीज उघडून आतल्या रांगेत ठेवली. "भरून ठिवा. सोमवारी येऊन बघतो." आवाज चढलेला नव्हता, पडलेलाही नव्हता. जाताना त्यांनी पाटीकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी मान वर केली नव्हती.

बाटली मी भरली. कढईतलंच तेल भरलं. ताजं सोयाबीन आणून भरायचं, हा विचार आला नाही असं म्हणणार नाही. चांगला तासभर माझ्या डोक्यात होता. पण भरलं ते खरं भरलं. दुसऱ्या दिवशी फ्रीज उघडला तर ती पांढरी झाली होती. सोमवारी मी सकाळपासून गल्ल्यावर बसून राहिलो. ते आले की फ्रीजकडे बोट दाखवायचं, एवढंच करायचं होतं. बोलायची हिंमत माझ्यात नव्हती, बोट दाखवण्याइतकी होती.

ते आले नाहीत. त्या सोमवारी नाही, पुढच्या नाही, नंतर कधीच नाही. जीप भंगारात दिली आणि ते लातूरला मुलीकडे राहायला गेले, असं कळलं. मुलीचा पत्ता वॉर्डबॉयनं मला कागदावर लिहून दिला आहे. नांदेडहून लातूरला दिवसभर एसट्या आहेत. मी गेलेलो नाही.

पाटी मी उतरवली, पण ती उतरवल्याचं कुणालाच कळलं नाही. आचारी सोडून गेला. फ्रीजमध्ये पेयांच्या रांगेत ती बाटली अजून आहे. एखादं गिऱ्हाईक चुकून तिला हात घालतं आणि विचारतं, मालक, हे काय पांढरं?

"ठेवा ते," मी म्हणतो. "एकांना बघायचं आहे."